हळूबाईंची कडी

रफूताईंना खरं नाव होतं, पण ते वापरणारं आता कोणी उरलं नव्हतं. कोटाला भोक पडलं, शालीला कसर लागली, की लोक म्हणत, "रफूताईंकडे टाक." त्यांचे यजमान शाळेची बस चालवत. ते बाहेर त्यांचा उल्लेख रफूताई असाच करत आणि घरात 'अगं'वर भागवत. दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधे उरलेली बोळाएवढी जागा. पुढे मशीन, मागे फळीवर एक जुना कम्प्युटर. "आमची ही आधी कापडाची भोकं बुजवते आणि मग गावाची," असं यजमान म्हणत. विनोद बरा जमला होता, म्हणून घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकावा लागे.

गावाची भोकं म्हणजे 'शेजार'. हे बेघरांसाठी धडपडणाऱ्या त्यांच्या मंडळाचं संकेतस्थळ. जावयाने ते बांधून दिलं होतं आणि रोज चालवायच्या त्या रफूताई. निवाऱ्यात आज खाट मोकळी आहे का, कुठल्या दवाखान्यात कागदपत्रं न मागता तपासतात, अंघोळीला गरम पाणी कुठे मिळतं, ओळखपत्र हरवलं तर कोणत्या खिडकीपाशी उभं राहायचं आणि त्या खिडकीमागचा कारकून जेवणाआधी गाठावा की जेवणानंतर, हे सगळं त्यावर असे. बेघरांविषयीच्या बातम्याही असत. कुठे नवा निवारा उघडला, कुठे पुलाखालून माणसं हुसकली, कुठे चार शेजाऱ्यांनी मिळून कोणाचं भाडं भरलं. बातमीखाली रडक्या चेहऱ्यांची रांग लावणारे पुष्कळ होते. त्यातला एखादाच चादर घेऊन दुकानात यायचा, आणि तीही बहुधा फाटकी. रफूताई ती आधी नीट करत आणि मग पुढे देत. करतात काय, देणाऱ्याच्या तोंडावर फेकता येत नव्हती.

संकेतस्थळावर एक नकाशा होता. भागात कोणी उघड्यावर झोपत असलं, की येणाऱ्याजाणाऱ्याने तिथे उभं राहून फोनवर एक बटण दाबायचं. नकाशावर त्या जागी पिवळा दिवा लागे. लावायचा अधिकार सगळ्यांना, विझवायचा फक्त रफूताईंना. आणि त्यांचाही त्यात एक नियम होता. ज्याला खोली मिळाली तो आत गेला पाहिजे, त्याने आतून कडी लावली पाहिजे, आणि बाहेर उभं राहून रफूताईंनी ती स्वतःच्या कानांनी ऐकली पाहिजे. तोवर दिवा तसाच.

हा नियम एका म्हाताऱ्या हमालाने घालून दिला. मंडळाने ज्याला खोली मिळवून दिली असा तो पहिलाच माणूस. त्या दिवशी सगळी मंडळी फोटो काढायला, चहा प्यायला म्हणून त्याच्या खोलीपाशी जमली. हमाल आत गेला, त्याने सगळ्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं आणि कडी घातली. बाहेर सगळे चेहरे पाडून उभे. मग आतून हसू ऐकू आलं. कडी काढली, घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. लहान मूल खुळखुळा वाजवतं तसा तो म्हातारा कडी वाजवत होता. "आजवर दारं दुसऱ्यांनी लावली," तो नंतर म्हणाला, "आज मी लावली." रफूताई घरी आल्या त्या डोळे पुसतच. त्या दिवसापासून कडी ऐकल्याशिवाय त्यांनी एकही दिवा विझवला नाही. एकदाच चुकल्या.

ते चुकणं हळूबाईंच्या बाबतीत झालं.

हळूबाई बंद पडलेल्या थिएटरच्या जिन्याखाली राहायच्या. चालणं हळू, बोलणं हळू, आणि खोकलासुद्धा असा की शेजारच्याला त्रास नको. त्यांची एक सवय होती. कुठेही आत जायचं झालं की त्या आधी बोटाच्या पेराने टकटक करत आणि 'या' म्हणेपर्यंत थांबत. दुकान उघडं असो, दार नसलेली शेड असो, फरक नाही. जिन्याखालच्या स्वतःच्या कोपऱ्यात शिरतानाही त्या भिंतीवर टकटक करत, आणि थिएटरचा रखवालदार आपल्या खुर्चीवरून म्हणे, "या बाई." मगच त्या वाकून आत जात. कधीतरी कुठेतरी न विचारता आत गेल्या असतील आणि कोणीतरी कायमची अद्दल घडवली असेल. रफूताईंनी एकदा विचारून पाहिलं. हळूबाई नुसत्या हसल्या आणि आपली शाल पुढे केली. शालीला मोठं भोक होतं. रफूताईंनी ते असं भरलं की उन्हात धरूनही सापडू नये. चांगलं रफू कोणाला दिसत नाही. ज्याने केलं त्याला मात्र दिसतं.

हळूहळू नकाशावरचे दिवे कमी होत गेले आणि शेवटी एकच राहिला, थिएटरपाशी. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले साहेब. त्यांच्या अंगात उत्साह संचारला. आपल्या भागात एकही बेघर नाही, ही बातमी त्यांना कधी एकदा जाहीर करतो असं झालं होतं. खोली मिळाली. वरच्या मजल्यावरची, एक खिडकी, एक खाट, दाराला आतून नवी कोरी कडी. मंडळातला बेकरीवाला ताजा पाव आणि पाण्याचा माठ आधीच ठेवून आला.

रफूताई हळूबाईंना घेऊन गेल्या. जिना चढायला त्यांना वेळ लागला. रफूताईंनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि किल्ली हळूबाईंच्या हातात दिली. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन. बातमीदार येऊन बसलाय, झालं का, विझवला का, कुठे अडलं?

"जा आत, कडी लावा. मी ऐकते," रफूताई म्हणाल्या आणि फोन कानाला लावून कठड्याकडे वळल्या. बोलता बोलता एक पायरी उतरल्या, मग दुसरी. पाठीमागे त्यांनी टकटक ऐकली. ती कसली, याचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. खाली रस्त्यावर पोचल्यावर आठवलं, की कडी ऐकायची राहिली. वर पाहिलं. जिना उंच, गुडघे कुरकुरत होते. लावली असेल की, त्या मनाशी म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहून त्यांनी दिवा विझवला.

बातमीला त्यांनी स्वतःच मथळा दिला होता, 'शेवटचा दिवा विझला'. ती या फोनवरून त्या फोनवर गेली, वर्तमानपत्रात आली. अध्यक्षांच्या गळ्यात हार पडले. मग एक सरकारी पत्रक निघालं. या भागात आता बेघर नसल्यामुळे निवाऱ्याची गरज उरलेली नाही, सबब तो बंद करून इमारत दुसऱ्या कामाला घ्यावी. रफूताईंना हे ऐकून कसंसंच झालं. आज गरज नाही म्हणजे उद्या नाही का? पण सगळे इतके खुशीत होते, की त्यांनी ब्र काढला नाही.

त्याच सुमारास एका तिन्हीसांजेला दुकान आवरताना त्यांनी सवयीने नकाशा उघडला. थिएटरपाशी दिवा लागला होता.

कोणीतरी चुकून दाबलं असेल म्हणून त्यांनी तो विझवला. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पुन्हा लागला. त्यांनी जावयाला फोन लावला.

"जावईबापू, तुमच्या त्या यंत्राला एकदा दृष्ट काढून घ्या. विझवलेला दिवा पुन्हा लागतोय."

जावयाने बराच वेळ खटपट केली. मग त्याचा आवाज बदलला. "आई, कोणी दाबलं की त्याची नोंद राहते. इथे कोणी दाबलेलं नाही."

"मग लागला कसा?"

"तेच तर म्हणतोय. लागलाय, एवढंच."

रफूताई थिएटरपाशी गेल्या. रखवालदार खुर्चीत बसला होता. बाई आल्या नाहीत, तो म्हणाला, त्या दिवसापासून फिरकल्याच नाहीत. पण जिन्याखाली जायला तो स्वतः तयार होईना. रफूताई एकट्याच आत शिरल्या. सगळीकडे धुळीचा थर, कोपऱ्यात मात्र माणूस आडवं होईल एवढी जागा झाडल्यासारखी स्वच्छ. रफूताईंनी वाकून फरशीवर हात ठेवला. बाहेर हुडहुडी भरत होती, आणि ती फरशी कोमट होती. नुकतंच कोणी उठून गेलेल्या अंथरुणाइतकी कोमट. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

तिथून त्या तडक खोलीकडे गेल्या. खालच्या मजल्यावर एक परिचारिका राहत होती. ती पाळीवर निघाली होती. यांना पाहून थांबली.

"बरं झालं आलात. वर कोणाला ठेवलंय तुम्ही? रोज संध्याकाळी दारावर टकटक करत असतात. एवढी हलकी, की आधी मला वाटलं नळ गळतोय. मी वर जाऊन पाहिलं तर कोणीच नाही."

"आतून टकटक?"

"नाही हो. बाहेरून."

रफूताई पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. कठड्याला धरून त्या वर गेल्या. दार त्यांनी ढकलून ठेवलं होतं तसंच, अर्धवट उघडं. किल्ली उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला लागून, कोणाच्या पायात येऊ नये अशी ठेवलेली. आत खाटेवरची चादर बेकरीवाल्याने ओढली तशीच ताठ. पावाला बुरशी आलेली. नव्या कडीवर कारखान्यातला तेलकट कागद अजून गुंडाळलेला होता. हळूबाई या खोलीत आल्याच नव्हत्या.

मग ती टकटक कसली होती, ते रफूताईंना कळलं. आपण जिना उतरत असताना हळूबाईंनी स्वतःच्या खोलीच्या उघड्या दारावर टकटक केली होती आणि कोणी 'या' म्हणेल म्हणून त्या उभ्या राहिल्या होत्या. आत कोण होतं म्हणायला? रफूताई तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या.

हळूबाईंचा शोध घेत त्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा बेकरीवाला बरोबर आला. खोली दिली त्याच दिवशी, अंधार पडताना, त्या इमारतीच्या कोपऱ्यावरच्या बाकावर एक बाई गारठून बसलेली सापडली होती. कोणीतरी गाडी बोलावली. दवाखान्यात पोचल्यावर तिने डोळे मिटले. नाव नाही, गाव नाही, नातेवाईक नाहीत. जे करायचं ते नियमाप्रमाणे करून झालं होतं. एक शाल तेवढी राहिली होती. रफूताईंनी ती उजेडात धरली, बोट फिरवलं, आणि आपलाच टाका त्यांना सापडला.

संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"वाईटच झालं. फार वाईट झालं. पण ताई, एक लक्षात घ्या. बातमी काही चुकीची ठरत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या हयात नाहीत. तेव्हा आजच्या तारखेला आपल्या भागात बेघर कोणी नाहीच. हिशेब बरोबरच राहतो."

हा माणूस दुष्ट नव्हता, हे सांगायला हवं. पाहुणचाराला उदार, गरजेला धावून येणारा. बँकेत त्याने आयुष्यभर रकाने जुळवले होते, आणि रकाना जुळला की त्याचा जीव भांड्यात पडायचा, एवढंच. पण ते वाक्य ऐकून बेकरीवाला खुर्चीवरून उठला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"साहेब," रफूताई म्हणाल्या, "हळूबाई मेल्या म्हणून तुमचा दिवा विझत असेल, तर मग आपण मंडळ कशाला काढलं? नुसती वाट बघत बसलो असतो तरी सगळे दिवे आपोआप विझले असते."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. बातमी मागे घेतली तर मंडळाची अब्रू जाईल. आणि चूक कोणाची होती, तेही मग सांगावं लागेल."

"तेच सांगणार आहे."

त्यांनी घरी येऊन ते लिहिलं. यजमान शेजारी स्टुलावर बसून होते. रफूताईंना रफू सुंदर जमे, लिहिणं तितकं नाही, पण यात नक्षीचं काम नव्हतंच. शेवटचा दिवा विझलेला नाही. हळूबाईंना आपण खोली दिली पण आत बोलावलं नाही. त्या उघड्यावर गारठून गेल्या. कडी ऐकायचं काम माझं होतं आणि मी कडी ऐकली नव्हती. निवारा बंद करू नका. लिहून झाल्यावर बटण दाबायला त्यांचं बोट उठेना. लोक तोंडाला येईल ते बोलतील, गिऱ्हाइकं तुटतील, इतक्या वर्षांचं नाव मातीला मिळेल.

"दाबू का मी?" यजमानांनी विचारलं.

"नको. विझवताना मीच दाबलं होतं."

लोक बोलले. काहींनी इतकं वाईट लिहिलं, की यजमानांनी रफूताईंचा फोन काढून घेऊन बसच्या डॅशबोर्डमध्ये ठेवला. अध्यक्षांनी राजीनामा दिला, तो कोणी स्वीकारला नाही, आणि मग ते स्वतःच निवाऱ्याच्या बाजूने अर्ज लिहायला बसले. रकाने जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. निवाऱ्याचं दार उघडंच राहिलं. दिवा मात्र रोज तिन्हीसांजेला लागत होता. आता रफूताई तो विझवत नव्हत्या. त्यांची जेवणावरची वासना उडाली होती.

एके दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं आणि शाल घडी करून पिशवीत घातली. "मला त्या खोलीवर सोडा," त्या यजमानांना म्हणाल्या.

"मी येतो वर."

"वर नको. जिन्यात थांबा."

एरवी यावर यजमानांनी काहीतरी टोला हाणला असता. त्या दिवशी त्यांनी पायात चपला सरकवल्या.

रफूताईंनी खोली झाडली, माठ भरला, कडीवरचा कागद सोलून काढला. शाल खाटेच्या उशाला ठेवली आणि त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. खिडकीतला उजेड आधी पिवळा, मग राखाडी झाला. खालच्या घरात भांडी वाजत होती. ती एकाएकी थांबली. कुठलाच आवाज येईना, आणि तेव्हा दारावर टकटक झाली.

हलकी. बोटाच्या पेराची. दार अर्धवट उघडं होतं, आणि फटीतून जिन्याचा रिकामा कठडा त्यांना दिसत होता.

पळून जावं तर जायची वाट त्याच दारातून. पुन्हा टकटक झाली, पहिल्यापेक्षा हळू, जणू चुकल्यासारखी. त्या आवाजातला संकोच ऐकला आणि रफूताईंची भीती कुठल्या कुठे गेली.

"या," त्या म्हणाल्या. "या हळूबाई. तुमचंच घर आहे."

दार हाताने ढकलावं तसं थोडं आत आलं. ओल्या लोकरीचा वास आला. रफूताई उठल्या, भिंतीला अंग चोरून, वाट देत बाहेर पडल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. मग तिथेच उभ्या राहिल्या. कठड्याकडे वळल्या नाहीत, एकही पायरी उतरल्या नाहीत.

नवी कडी घट्ट होती. आधी करकरली, अडली, पुन्हा करकरली. मग खट्ट करून बसली.

जिन्यात यजमान उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "लागली," ते म्हणाले. रफूताईंनी फोन काढून नकाशा उघडला. दिवा विझलेला होता. त्यांनी तो विझवला नव्हता.

सकाळी जाऊन पाहिलं तर दार नुसतं लोटलेलं होतं. खाटेवर घडी मोडलेली शाल, आणि चादरीवर कोणी कुशीवर निजल्याची खूण. काही दिवसांनी परिचारिका म्हणाली, टकटक थांबली. संध्याकाळी कडी वाजते तेवढीच, पण त्याचा काही त्रास नाही.

पुढे ती खोली निवाऱ्यातल्या एका पाट्या रंगवणाऱ्याला मिळाली. एका पायाने अधू, बोलायला फटकळ माणूस. नकाशावर नंतर नव्याने लागलेल्या दिव्यांतला एक त्याचा होता. रफूताई त्याला घेऊन जिना चढल्या. किल्ली त्यांच्या हातात होती, पण कुलूप काढल्यावर त्यांनी दार ढकललं नाही. बोटाच्या पेराने टकटक केली आणि थांबल्या.

"रिकाम्या खोलीला काय विचारताय?" पाट्या रंगवणारा हसला.

आतून अगदी हळू आवाज आला, "या."

त्याचं हसू ओठांवरच राहिलं. त्याने दाराकडे पाहिलं, मग रफूताईंकडे. "आत कोण आहे?"

"घरच्या आहेत," रफूताई डोळे पुसत म्हणाल्या. "जा तुम्ही. त्यांचा त्रास नाही कोणाला. आत जा आणि कडी लावा, मी इथेच उभी आहे."